बालपणातील छळ आणि मोठेपणीची व्यसनाधीनता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनमुक्तीच्या कुटुंबसभांमध्ये एक प्रश्न हमखास येतो. रुग्णाची आई, पत्नी किंवा भाऊ विचारतो की आम्ही त्याला काय कमी केले म्हणून तो असा झाला. उत्तर शोधताना बोलणे बहुधा संगत, पैसा आणि मनाचा कमकुवतपणा यांवरच थांबते. रुग्णाचे बालपण कसे गेले हा विषय निघालाच, तर "आता जुने कशाला उकरायचे" म्हणून तो तिथेच मिटवला जातो. लहानपणीचा छळ आणि मोठेपणी वर्षानुवर्षे न सुटणारे व्यसन यांचा संबंध अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे आणि तो समजून न घेतल्यामुळे अनेकांचे उपचार अर्धवट राहतात, असे माझे ठाम मत आहे. मुंबई आणि आसपासचे रुग्ण, नातेवाईक, शिक्षक यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत.

बालपणातील छळ म्हणजे नेमके काय? आईवडिलांनी दिलेली चापट हाही छळच का?

अभ्यासक साधारणपणे चार प्रकार मानतात : शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि हेळसांड. घरात आईला मार खाताना रोज पाहणे हाही मुलावर होणारा आघातच समजला जातो, मग त्या मुलाच्या अंगाला कोणी बोटही लावलेले नसो. यांपैकी मानसिक छळ आणि हेळसांड यांची दखल सर्वांत कमी घेतली जाते, कारण त्यांचा वळ उमटत नाही. "तू जन्मलाच नसतास तर बरे झाले असते" हे वाक्य ज्याने वर्षानुवर्षे ऐकले, तो मोठेपणी "मला कोणी मारले नाही, माझे बालपण चांगलेच होते" असे सांगतो, आणि ऐकणाराही तेवढ्यावर समाधान मानतो.

येथे गरिबी आणि हेळसांड यांत गल्लत होता कामा नये. पहाटेची लोकल पकडून कामाला जाणारी आणि रात्री उशिरा परतणारी आई मुलाकडे दुर्लक्ष करते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. मूल तापाने फणफणले, शाळेत जाईनासे झाले किंवा एखाद्या नातेवाइकाच्या घरी जायला घाबरू लागले, तर ते कोणाच्या तरी लक्षात येते का आणि त्यावर काही केले जाते का, हा खरा निकष आहे. या निकषावर दहा बाय दहाच्या खोलीतले घर उत्तम ठरू शकते आणि टॉवरमधले नापास होऊ शकते.

चापटीबद्दल सांगायचे, तर एखाद्या फटक्याने कोणी व्यसनी होत नाही. घातक असतो तो वारंवारचा, कशावरून पडेल याचा नेम नसलेला आणि अपमानाची जोड असलेला मार. मात्र आपल्याकडे मारणे हे वळण लावण्याचे साधन मानले गेल्यामुळे ही सीमा कधी ओलांडली गेली, हे घरातल्यांना कळतच नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. त्यात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, तर निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ अनुभवल्याचे नोंदवले.

लहानपणीच्या छळाचा व्यसनाशी संबंध असतो, हे कशावरून म्हणता?

या विषयावरचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील सॅन डिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांच्या पुढाकाराने झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साडेनऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल आणि आताच्या प्रकृतीबद्दल विचारले गेले. ही माणसे आरोग्य विमा असलेली, बहुतांशी मध्यमवर्गीय आणि शिकलेली होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण छळ आणि व्यसन ही फक्त झोपडपट्टीतली दुखणी आहेत हा समज त्यामुळे निकालात निघतो. बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे प्रतिकूल अनुभव आलेल्यांमध्ये दारूचे व्यसन, अमली पदार्थांचा गैरवापर, नैराश्य आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका, असे अनुभव मुळीच नसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. याच प्रकल्पातून २००३ साली आलेल्या दुसऱ्या निबंधात, पाच किंवा अधिक अनुभव असलेल्यांनी अमली पदार्थांचे व्यसन असल्याचे सांगण्याचे प्रमाण ७ ते १० पट होते.

पुढे २०१७ साली निरनिराळ्या देशांतील ३७ अभ्यास आणि अडीच लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा अशा अनेक परिणामांशी ताडून पाहिल्यावर बालपणीच्या आघातांचे सर्वांत घट्ट नाते अमली पदार्थांच्या घातक सेवनाशी आणि हिंसेशी दिसले. दारूशी असलेले नातेही ठळक होते.

या अभ्यासांतल्या प्रश्नावल्या तयार झाल्या तेव्हा आपला समाज कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. जातीवरून वर्गात झालेली मानहानी, वयाच्या दहाव्या वर्षी चहाच्या टपरीवर लागलेले काम, मुलगी म्हणून ताटात कमी पडलेले अन्न यांतले काहीही त्या मूळ यादीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर केलेल्या प्रश्नावलीत घराबाहेरची हिंसा आणि इतर मुलांकडून होणारा त्रास यांचा समावेश केला, तरीही आपल्याकडच्या समुपदेशकाने छापील यादीच्या पलीकडे जाऊन विचारले पाहिजे.

पण बापच दारुडा असेल तर मुलात ते रक्तातूनच येणार नाही का? छळाला दोष कशाला?

हा आक्षेप योग्य आहे. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असतो, असे जुळ्यांवरील अभ्यास सांगतात. शिवाय ज्या घरात दारू असते त्याच घरात बहुधा मारहाण, कर्ज आणि सततची भांडणे असतात, त्यामुळे कशाचा परिणाम किती हे वेगळे काढणे अवघड जाते. त्यावर एक मार्ग जुळ्यांच्याच अभ्यासातून मिळाला. केनेथ केंडलर यांच्या गटाने २००० साली १,४११ जुळ्या स्त्रियांची माहिती मांडली. ज्या जोड्यांत एका बहिणीवर बालपणी लैंगिक अत्याचार झाला होता आणि दुसरीवर नाही, त्यांत अत्याचार सोसलेल्या बहिणीला मानसिक आजार आणि व्यसन यांचा धोका अधिक दिसला. घर एक, आईबाप तेच आणि आनुवंशिक वारसाही सारखा असताना फरक पडत असेल, तर अत्याचाराचा स्वतंत्र वाटा मान्य करावाच लागतो.

दुसरी अडचण स्मरणाची. मोठेपणी विचारल्यावर माणूस जे सांगतो ते आणि लहानपणी प्रत्यक्ष नोंदले गेलेले प्रसंग यांचा मेळ किती बसतो, याचा आढावा २०१९ साली घेण्यात आला. लहानपणी छळाची नोंद झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांनी मोठेपणी तो सांगितला नाही, आणि मोठेपणी छळ सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची लहानपणी तशी नोंद नव्हती. याचा अर्थ माणसे खोटे बोलतात असा नाही. काही जण विसरतात, काही जण सांगायचे टाळतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या वेळी नोंद करणारेच कोणी नसते. म्हणून उपचार करणाऱ्याने एका बैठकीतील "तसे काही नव्हते" या उत्तरावर फाइल बंद करू नये, आणि उलट बाजूने, नसलेल्या आठवणी रुग्णाच्या तोंडी घालण्याचा आग्रहही धरू नये.

छळ संपून वीस-पंचवीस वर्षे झाली, तरी त्याचा परिणाम शरीरात कसा उरतो?

लालबागच्या जुन्या चाळीत वाढलेल्या एका मुलाची कल्पना करावी. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास लाकडी जिन्यावर पावले वाजतात. पायरीवर पाय नेमका पडतो आहे की घसटत वर येतो आहे, यावरून त्या मुलाला दुसऱ्या मजल्यावर बसल्या जागी कळते की आज वडील पिऊन आले आहेत की नाही. तो वही मिटतो, धाकट्या बहिणीला पोटमाळ्यावर चढवतो आणि आईच्या जवळची कळशी कोपऱ्यात सरकवतो, कारण मागच्या वेळी तीच फेकली गेली होती. हे सगळे तो न बोलता, अर्ध्या मिनिटात करतो. आज तो विरारला राहतो, इमारतीला लिफ्ट आहे, वडील हयात नाहीत. तरीही दिवेलागणीनंतर त्याची छाती धडधडू लागते, घरात कोणी भांडे आपटले तरी तो दचकतो, आणि क्वार्टर पोटात गेल्यावरच त्याला मोकळा श्वास घेता येतो.

धोका दिसला की मेंदूतील आणि मूत्रपिंडावरील ग्रंथींची एक साखळी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके सोडते आणि शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होते. संकट टळले की ती यंत्रणा शांत व्हायला हवी. ज्या मुलाला रोज संध्याकाळी धोक्याची तयारी ठेवावी लागते, त्याची ही यंत्रणा घडणीच्या वयातच बिघडते : काहींची सतत चढलेली राहते, काहींची बोथट होते. भीतीची दखल घेणारा मेंदूचा भाग अतिसावध होतो, आणि आवेगाला लगाम घालणारा पुढचा भाग, जो मुळातच पंचविशीपर्यंत पूर्ण पिकत नाही, तो मागे पडतो. आनंद आणि अपेक्षा यांच्याशी निगडित असलेल्या डोपामिनच्या व्यवस्थेवरही परिणाम होतो, त्यामुळे साध्या गोष्टींतले सुख जाणवेनासे होते. अशा शरीराला दारू, गर्द (हलक्या प्रतीचे हेरॉइन) किंवा झोपेच्या गोळ्या पहिल्यांदा मिळतात तेव्हा इतरांना वाटते त्याहून फार मोठे काही सापडल्यासारखे वाटते. इतरांसाठी ती मौज असते. त्याच्यासाठी ती आयुष्यातली पहिली शांत संध्याकाळ असते. मात्र नियमित सेवनाने हीच यंत्रणा आणखी बिघडते आणि पुढे पदार्थ नसला की अस्वस्थता पूर्वीपेक्षा दुप्पट होते. येथून पुढे व्यसन स्वतःच्या बळावर चालते, मूळ दुःखाची आठवण असो वा नसो.

एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एकच व्यसनी का होतो?

कारण ते घर दोघांसाठी एकच नव्हते. थोरला मधे पडून मार खात होता आणि धाकटा आजोळी वाढला, किंवा धाकट्याच्या जन्मापर्यंत वडिलांची नोकरी गेली होती. गिरण्या बंद पडल्यानंतरच्या गिरणगावात अशी कितीतरी घरे होती. स्वभाव, आनुवंशिकता, मित्रमंडळी आणि पहिला पदार्थ कोणत्या वयात हाती पडला, यांमुळेही फरक पडतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छळ सोसलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे व्यसनाधीन होत नाहीत. हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. अतिशय प्रतिकूल परिस्थितीतल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि मायाळू प्रौढ झाली. त्यांच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज का होईना, पण जीव लावणारे एक तरी विश्वासाचे माणूस होते, हे वारंवार दिसून आले. आपल्याकडे ती आजी असते, शेजारच्या काकू असतात, कधी मराठी शिकवणाऱ्या बाई असतात. चाळीत भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येते. ऐकू येऊनही "त्यांच्या घरातला मामला" म्हणून गप्प बसलेला मजला आणि "आज तू आमच्याकडे जेव" म्हणून मुलाला घरात घेणारा मजला यांच्यात त्या मुलाच्या भविष्याचा फरक असू शकतो.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे आणि मित्रांबरोबर बिअर घेतो. एवढ्यात घाबरण्याचे कारण आहे का?

आहे. अमेरिकेतील एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित १९९७ सालच्या निबंधात, पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जण आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झालेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. छळ सोसलेली मुले लवकर सुरुवात करतात, आणि लवकर सुरुवात व्यसन घट्ट करते, असे हे दुहेरी जाळे आहे.

मुंबईत ते रेल्वे स्थानकांवर उघड दिसते. घरातल्या मारझोडीला कंटाळून पळालेले मूल दादर, कुर्ला किंवा सीएसएमटीला उतरते, आणि पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर फडक्यावर घेऊन हुंगणाऱ्या मुलांत सामील होते. त्याने भूक आणि भीती काही वेळ विसरता येते. व्यसनांबाबत एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, जिचा अहवाल २०१९ साली आला, हुंगायच्या पदार्थांचे सेवन १० ते १७ या वयात १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के होते. मुलांत प्रौढांपेक्षा अधिक आढळलेला पदार्थ तो हाच.

आपल्या मुलाला मारून किंवा कोंडून प्रश्न सुटणार नाही. त्याला घरात कशाची भीती वाटते, शाळेत किंवा क्लासला कोणी त्रास देते का, हे शांतपणे विचारावे, आणि एकदा विचारून उत्तर मिळाले नाही म्हणून सोडून देऊ नये.

हे सगळे मान्य केले तर नवऱ्याला आयतेच निमित्त मिळेल. "माझ्या बापाने मारले म्हणून मी पितो," असे तो म्हणतोच आहे. मी काय करायचे?

वहिनी-ताईंकडून येणारा हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण विचारणारी स्वतः मार खाणारी असू शकते. कारण समजणे वेगळे आणि सूट देणे वेगळे. लहानपणी जे घडले त्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. आज उपचार घेण्याची आणि हात न उचलण्याची जबाबदारी पूर्णपणे त्याची आहे. त्याच्या बालपणाबद्दल कळवळा वाटत असताना त्याच वेळी, पगार हातात द्यायचा नाही, कामावर खोटा निरोप कळवायचा नाही, मारहाण झाली तर पोलिसांत जायचे, या गोष्टींवर ठाम राहता येते. दारू पिऊन बसलेल्या माणसाशी त्याच्या बालपणावर चर्चा करू नये. ती सकाळी, शुद्धीत, आणि शक्यतो समुपदेशकासमोर व्हावी.

आणि आपली मुले आत्ता जिन्यावरची पावले ऐकत आहेत का, याचा विचार नवऱ्याच्या उपचारांच्याही आधी करावा.

उपचारात आधी व्यसन सोडवायचे की आधी मनावरचा आघात हाताळायचा?

पूर्वी एक वर्ष व्यसनापासून दूर राहा, मग जुन्या गोष्टींकडे पाहू, असे सांगण्याची पद्धत होती. अडचण अशी की व्यसन थांबले की दाबलेल्या आठवणी वर येतात, झोप उडते आणि पहिल्या काही महिन्यांतच घसरण होते, म्हणजे माणूस पुन्हा व्यसनाकडे वळतो. त्या घसरणीला मग इच्छाशक्तीचा अभाव म्हटले जाते.

आज बहुतेक जाणकार दोन्हींचा विचार सुरुवातीपासून एकत्र करतात, मात्र क्रमाने. पहिली पायरी शरीराची सुरक्षितता. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक घरी बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास आणि भ्रम होऊ शकतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो; डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन हे टाळता येते. गर्दच्या टर्कीत, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणाऱ्या त्रासात, सहसा जिवाला धोका नसला तरी ती असह्य असते, आणि बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारखी औषधे दीर्घकाळ देणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. "एक नशा सोडून दुसरी" म्हणून त्याची हेटाळणी करणे चूक आहे.

त्यानंतर झोप, दिनक्रम, भावना अंगावर आल्या की काय करायचे याची कौशल्ये. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिसा नजाविट्स यांनी विकसित केलेली पद्धत याच टप्प्यावर भर देते आणि रुग्णाला छळाचे तपशील सांगायला लावत नाही. आठवणींना प्रत्यक्ष सामोरे जाण्याचे उपचार प्रशिक्षित व्यक्तीकडूनच आणि रुग्णाची तयारी झाल्यावर व्हावेत. त्याने व्यसन उफाळेल ही भीती बरीचशी निराधार आहे : ऑस्ट्रेलियात असे उपचार व्यसनाच्या उपचारांबरोबर देऊन झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आघाताची लक्षणे अधिक कमी झाली आणि व्यसन बळावले नाही. सर्वांसमोर उभे करून "सांग काय झाले ते" असे वदवून घेणे मात्र उपचार नव्हे.

त्याच्या नकळत जेवणात औषध मिसळणे किंवा केंद्राच्या माणसांकरवी उचलून नेणे योग्य आहे का?

दोन्ही करू नये. लोकलच्या डब्यांत "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या पुडीत काय आहे हे कोणालाच माहीत नसते. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारूबरोबर घेतल्यास त्रास होणारे औषध, असेल आणि तो माणूस वर दारू प्यायला, तर उलट्या, छातीत दुखणे, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत वेळ येऊ शकते. हे औषध रुग्णाला सांगून आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

उचलून नेण्याबद्दल माझे मत अधिक तीव्र आहे. ज्याला लहानपणी कोंडून मारले, त्यालाच मध्यरात्री चार जणांनी गाडीत घालून नेले, बाहेरून कडी लावली आणि शिस्तीच्या नावाखाली मारले, तर त्याच्या दृष्टीने बालपणच पुन्हा सुरू झाले. अशा ठिकाणाहून माणूस घाबरून गप्प होऊन येतो. त्याला बरा झाला समजतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू आहे आणि त्यात रुग्णाला साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे. दाखल करण्याआधी केंद्राची नोंदणी, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात आणि नातेवाइकांना भेटू देतात का, हे विचारावे. भेट नाकारणारे केंद्र टाळावे.

स्त्रियांच्या बाबतीत काही वेगळे असते का?

असते. मुलींवरील लैंगिक अत्याचार बहुधा ओळखीच्याच माणसाकडून होतो आणि तो लपवला जातो. पुढे व्यसनही लपवले जाते. मिश्री, झोपेच्या गोळ्या, दार लावून घेतलेली दारू यांकडे घरचे वर्षानुवर्षे काणाडोळा करतात. उपचाराला नेले तर लोक काय म्हणतील, मुले कोण सांभाळील, हे प्रश्न आधी येतात. पुरुषांच्या गटात तिला बोलता येणार नाही, म्हणून स्वतंत्र व्यवस्था असलेले ठिकाण शोधावे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. मुलग्यांवरही लैंगिक अत्याचार होतात, हे सांगायलाच हवे. २००७ च्या पाहणीत तो सांगणाऱ्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींइतकेच, किंबहुना किंचित अधिक होते, आणि पुरुष रुग्ण ती गोष्ट सर्वांत शेवटी, कधी कधी चौथ्या-पाचव्या घसरणीनंतर सांगतात.

ज्या वडिलांनी छळले ते आता म्हातारे आहेत आणि याच खोलीत राहतात. त्यांना माफ केल्याशिवाय मी बरा होणार नाही का?

माफी ही बरे होण्याची अट नाही. मुंबईत वेगळी खोली घेणे बहुतेकांना परवडत नाही, त्यामुळे "दूर राहा" हा सल्ला पुस्तकातच राहतो. त्यापेक्षा लहान आणि शक्य गोष्टी ठरवाव्यात : त्यांचे औषधपाणी बहिणीने किंवा पत्नीने पाहावे, ते बोलू लागले की आपण गॅलरीत जावे, संध्याकाळची अवघड वेळ व्यसनमुक्तीच्या सभेत किंवा कामावर जाईल असे पाहावे. जाब विचारायचा असेल तर समुपदेशकाशी आधी बोलून घ्यावे, कारण बहुतेक वडील "मी काही केलेच नाही" असे म्हणतात आणि त्या रात्री घसरण होण्याचा धोका मोठा असतो. सेवा करूनही राग उरतो, आणि राग असूनही सेवा करता येते. दोन्ही भावना एकत्र बाळगणाऱ्याला ढोंगी म्हणू नये.

समुपदेशकाला सांगितले तर ते बाहेर जाईल का? इतक्या वर्षांनी तक्रार करता येते का?

उपचारांबाबतची गोपनीयता हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. त्याला अपवाद आहेत, म्हणून पहिल्याच भेटीत "मी सांगेन ते कोणाला कळवावे लागेल का" असे विचारून घ्यावे. आज अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे.

पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्याआधीच्या घटनांना त्या वेळचा फौजदारी कायदा लागू होतो. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची कालमर्यादा नसते, पण पुराव्याची अडचण राहते. तक्रार करावी की नाही हा निर्णय सोसलेल्या व्यक्तीचा आहे आणि तो वकिलाशी बोलून, व्यसनातून थोडे स्थिर झाल्यावर घ्यावा. मात्र तो माणूस आजही लहान मुलांच्या सहवासात असेल, तर थांबू नये.

मुंबईत सुरुवात कुठून करावी?

एम्सच्या त्याच पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कोणते तरी उपचार मिळाले होते, त्यामुळे पहिले पाऊल हेच मोठे असते. केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत आणि बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर अल्प शुल्कात निघतो. सकाळी लवकर जावे, आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर ठेवाव्यात आणि डॉक्टरांपुढे वेळ कमी मिळतो म्हणून "लहानपणी घरात मारहाण होत होती, त्याबद्दल बोलायचे आहे" एवढे एक वाक्य कागदावर लिहून न्यावे. तोंडाने निघाले नाही तर कागद पुढे करता येतो. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा शहरात अनेक ठिकाणी विनाशुल्क होतात आणि कुटुंबीयांसाठी अल-अनॉनचे गट आहेत.

फोनवर बोलायचे असेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि संकटातील मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. आत्महत्येचे विचार येत असतील, तर रात्र उलटण्याची वाट न पाहता टेलि-मानसला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे, आणि सोबत कोणीतरी असावे.